नदी आणि अक्षर : राज्यसत्तेची अवज्ञा आणि तिचे वाङ्मयीन समर्थन

१

ज्यूलियस सीझरने इ. स. पूर्व ४९ मध्ये रोमच्या सिनेटची आज्ञा झुगारून दिली, ते योग्य झाले काय, हा प्रश्न युरोपात दोन हजार वर्षे विचारला जात आहे. आपल्याकडील महाविद्यालयांतून तो निराळ्या रूपाने आला. शेक्सपिअरच्या नाटकावरून सीझरची ओळख झाल्यामुळे आपण ब्रूटसचा न्याय करीत बसलो. सीझरचा न्याय करण्याचा प्रसंग आपल्यावर क्वचितच आला. वस्तुतः पहिला प्रश्न सुटल्यावाचून दुसरा सुटत नाही. ज्याने कायद्याने चाललेले राज्य बुडविले त्याला मारणे वेगळे आणि ज्याने आधीच मोडलेल्या राज्यात स्वतःचा बचाव केला त्याला मारणे वेगळे.

या प्रश्नाकडे मराठी वाचकाने स्वतःच्या इतिहासातून पाहावे, असे मला सुचवावयाचे आहे. सैन्याचा अधिपती, घरातला थोर पुरुष, पराक्रमाने सर्वांना ठाऊक असलेला, आणि तरीही राजधानीतील कारभाऱ्यांनी ज्याला राज्याचा शत्रू ठरविले असा मनुष्य आपल्याकडेही होऊन गेला. रघुनाथराव पेशवा हे त्याचे नाव. १७५८ साली मराठी फौजा लाहोरपर्यंत आणि त्यापलीकडे अटकेपर्यंत गेल्या, त्या त्याच्या नेतृत्वाखाली. १७७४ साली पुण्याच्या कारभाऱ्यांशी तो लढला, आणि १७७५ साली त्याने सुरतेस इंग्रजांशी तह केला. त्याचे समर्थन करणारा ग्रंथकार मराठीत जवळजवळ झाला नाही. सीझरला मात्र समर्थकांची कधी वाण पडली नाही, आणि त्या सर्वांत पहिला समर्थक तो स्वतःच होता.

येथे इतिहासकाराचे काम करण्याचा हेतू नाही. अवज्ञा समर्थनीय होती की नव्हती, हे ठरविताना आपण ज्या पुराव्यावर विसंबतो त्यातील किती भाग घटनांचा आहे आणि किती भाग लेखनाचा आहे, हे पाहणे टीकाकाराचे काम आहे. या दोन प्रकरणांत लेखनाने निवाड्याची दिशाच ठरविली आहे, असे मला वाटते. रोममध्ये हे काम एका नदीने केले, पुण्यात एका अक्षराने.

२

प्रथम रोमची हकीकत. सीझर गॉल प्रांताचा सुभेदार होता. त्याची मुदत संपत आली होती. मुदत संपताच तो खाजगी नागरिक होणार आणि त्याचे प्रतिपक्षी त्याच्यावर खटला भरणार, हे उघड होते. त्यातून सुटण्याचा मार्ग एकच होता : रोमबाहेर असतानाच काँसलपदाची निवडणूक लढविणे. इ. स. पूर्व ५२ मध्ये दहाही ट्रिब्यूनांनी मिळून केलेल्या कायद्याने ही सवलत त्याला दिली होती. पुढे सिनेटमधील एका गटाने ती सवलत निरुपयोगी करण्याचा खटाटोप चालविला. इ. स. पूर्व ५० च्या डिसेंबरात सीझर आणि पाँपी या दोघांनीही शस्त्रे खाली ठेवावीत, असा ठराव क्यूरिओ या ट्रिब्यूनने मांडला. त्याच्या बाजूने ३७० आणि विरुद्ध २२ मते पडल्याची नोंद आहे. तरीही तो अंमलात आला नाही. बावीस जणांच्या हट्टापुढे पावणेचारशे लोकांचे मत हरले. पुढे ७ जानेवारी रोजी सिनेटने राज्य संकटात असल्याचा आपला अंतिम हुकूम काढला. सीझरची बाजू मांडणारे ट्रिब्यून अँटनी आणि क्विंटस कॅसिअस रोम सोडून त्याच्याकडे पळाले. त्यानंतर तीनचार दिवसांत सीझर एक तुकडी घेऊन इटलीत शिरला.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ज्या सत्तेची सीझरने अवज्ञा केली ती सत्ता स्वतः निर्दोष नव्हती. तिने आपल्याच बहुमताचा अनादर केला होता आणि ट्रिब्यूनांचा नकाराधिकार तुडविला होता. सीझरची तक्रार खोटी नव्हती. हे मान्य केल्याशिवाय त्याच्याविरुद्ध बोलण्याचा अधिकार कोणालाच नाही.

आता त्याच्या ग्रंथाकडे वळू. यादवी युद्धावरील आपल्या टिपणांत सीझर रॅव्हेना येथे सैनिकांपुढे भाषण करतो, आपली कैफियत मांडतो, आणि पुढच्या प्रसंगात अरिमिनम या गावी पोहोचलेला दिसतो. मध्ये रूबिकन नदी लागते. तिचे नाव तो घेत नाही. सुभेदाराच्या हद्दीची शेवटची रेघ, जी सैन्यासह ओलांडणे म्हणजेच राज्यद्रोह, ती रेघ आरोपीच्या जबानीतून गाळलेली आहे. काठावरचे थांबणे, मित्रांशी केलेली चर्चा, नशिबावर हवाला ठेवून टाकलेले पाऊल, हे सर्व आपल्याला मिळते ते पुढच्या काळातील प्लूटार्क आणि सुएटोनियस यांच्याकडून. ल्यूकन या कवीने तर काठावर रोमची भूमी स्त्रीरूपाने उभी करून सीझरला अडविले आहे.

सीझरने नदी का गाळली असावी? विस्मरणाने नव्हे हे नक्की. त्याच्या कथनात सर्वत्र वाटाघाटी चालू असतात. दूत जातात, अटी येतात, तो सवलती देऊ करतो, प्रतिपक्षी नाकारतात. या अखंड ओघात अवज्ञेचा क्षण असा कोठे येतच नाही. वाचक नकळत त्याच्याबरोबर हद्द ओलांडतो आणि ओलांडल्यावरही आपण कायद्यातच आहोत, असे त्याला वाटत राहते. उलट, पुढच्या लेखकांनी नदी पुन्हा आणली आणि तिच्या काठावर सीझरला विचारमग्न उभे केले. त्यांचा हेतू कदाचित दोष दाखविण्याचा असेल. परिणाम मात्र वेगळा झाला. जो मनुष्य गुन्ह्यापूर्वी इतका थोर विचार करतो त्याचा गुन्हाही थोर वाटू लागला. म्हणजे मौनाने आणि वर्णनाने, दोन्ही प्रकारे, वाङ्मयाने सीझरचेच काम केले.

अनुवादकाला या कैफियतीत आणखी एक अडचण भेटते. सीझर आपल्या कृतीचे कारण म्हणून ‘डिग्निटास’ हा शब्द पुढे करतो. ती आपल्याला प्राणाहून प्रिय आहे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. या शब्दाला मराठीत ‘प्रतिष्ठा’ म्हणावे, तर सीझर महत्त्वाकांक्षी दिसतो. ‘अब्रू’ म्हणावे, तर तो भर चौकात अपमान झालेला गृहस्थ होतो आणि मराठी वाचकाची सहानुभूती तत्काळ त्याच्याकडे वळते. पेशवाईच्या पत्रव्यवहारात आढळणारा ‘इभ्रत’ हा शब्द मला सर्वांत जवळचा वाटतो. कारण इभ्रत मनुष्याला स्वतःच्या कर्तृत्वाने मिळते, पण ती मान्य करण्याचे काम इतरांचे असते. जी गोष्ट इतरांनी द्यावयाची ती तलवारीने घेता येते काय, हाच सीझरच्या प्रकरणातील मर्माचा प्रश्न आहे. म्हणून शब्दाची निवड ही अनुवादकाची केवळ सोय राहत नाही. तो निवाड्याचा अर्धा भाग होतो.

३

आता पुण्याकडे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा गारद्यांनी खून केला. त्या वेळी रघुनाथराव वाड्यातच नजरकैदेत होता. नारायणरावाला पुत्र नव्हता. त्याची पत्नी गंगाबाई गरोदर होती. रघुनाथराव पेशवाईवर आला आणि साताऱ्याच्या छत्रपतींकडून त्याला वस्त्रेही मिळाली. पुढे तो मोहिमेवर असता सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके आदी मुत्सद्द्यांनी एकजूट केली. तिलाच बारभाई म्हणतात. जानेवारी १७७४ मध्ये त्यांनी गंगाबाईला पुरंदरावर नेले आणि तिच्या नावाने कारभार सुरू केला. ४ मार्च रोजी पंढरपूरजवळ कासेगावास लढाई होऊन रघुनाथरावाने त्रिंबकराव पेठ्यांचा पराभव केला. १८ एप्रिल रोजी गंगाबाईला मुलगा झाला, आणि चाळीस दिवसांच्या त्या बालकाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. तोच सवाई माधवराव.

या तारखा ओळीने वाचल्या म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. कासेगावच्या रणांगणावर बंडखोर कोण होता? छत्रपतींची वस्त्रे रघुनाथरावाजवळ होती. बारभाईंजवळ एक गर्भ होता. तो पुत्र असेल ही आशा होती. केवळ कायद्याच्या भाषेत बोलावयाचे तर त्या दिवशी सरकार रघुनाथरावाचे होते आणि अवज्ञा बारभाईंनी चालविली होती. सहा आठवड्यांनी ही स्थिती उलटी झाली. रघुनाथराव मध्यंतरी कोणतीही नदी ओलांडून बंडखोर झाला नाही. पुरंदरावर एक मूल जन्माला आले आणि जो कालपर्यंत पेशवा होता तो बंडखोर ठरला.

रोममध्येही प्रश्न असाच होता. सिनेट आणि ट्रिब्यून ही दोन्ही राज्याचीच अंगे. एक सीझरच्या विरुद्ध, दुसरे त्याच्या बाजूने. तेव्हा ‘सरकारची अवज्ञा’ असे म्हणताना सरकार कोणते, हे आपण गृहीत धरीत असतो. रोमन लोक आपल्या राज्याला ‘रेस पुब्लिका’ म्हणत, म्हणजे सर्वांच्या मालकीची वस्तू. पेशवाईतील कागदांत राज्यासाठी वारंवार येणारा शब्द ‘दौलत’ हा आहे. दौलत ही राज्यही असते आणि घराण्याची मिळकतही असते. म्हणूनच माधवरावाच्या कारकीर्दीत रघुनाथराव वाटणी मागू शकला. सीझरला रोमची वाटणी मागण्याचे सुचणेच शक्य नव्हते. आपल्याकडे राज्यक्रांतीचा प्रश्न भाऊबंदकीच्या रूपाने येतो, याचे मूळ या एका शब्दात आहे. आणि या शब्दामुळेच मराठी वाङ्मयाने रघुनाथरावाचे प्रकरण दिवाणखान्यातून माजघरात नेले.

४

माजघरात नेण्याचे हे काम ज्या अक्षराने केले ते सर्वांना ठाऊक आहे. रघुनाथरावाने नारायणरावास ‘धरावे’ असा हुकूम दिला होता. आनंदीबाईने ‘ध’ चा ‘मा’ केला आणि धरण्याचा हुकूम मारण्याचा झाला. १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रँट डफच्या इतिहासात ही हकीकत आहे. तेव्हा खुनाला पन्नासाहून अधिक वर्षे लोटली होती. पुढील संशोधकांनी तिच्याविषयी शंका घेतल्या. तथापि ती भाषेतच मुरली. आज शाळकरी मुलगाही ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार वापरतो, आणि प्रत्येक वापराबरोबर आनंदीबाईवरील आरोप पुन्हा एकदा शाबीत होतो.

या कथेचे वाङ्मयीन कार्य काय आहे? रूबिकनने सीझरला निर्णयाचा क्षण दिला. या अक्षराने रघुनाथरावाचा निर्णय काढून घेतला. तो खुनी उरला नाही, पण पुरुषही उरला नाही. बायकोच्या हातातील कागद झाला. जेत्याला वाङ्मयाने नदीकाठी विचार करावयास लावले, पराभूताला विचार करण्याचीच संधी नाकारली, आणि जो दोष उरला तो एका स्त्रीच्या पदरात टाकला. समर्थनाचा प्रश्न असा सुटत नाही. तो टाळला जातो. हुकूमच त्याचा नव्हता असे ठरले, की तो हुकूम योग्य होता काय, हे विचारण्याचे कारण राहत नाही.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ हे नाटक १९०९ साली रंगभूमीवर आले. मराठी गद्य नाटकाच्या थोर कृतींत त्याची गणना होते आणि ती योग्यच आहे. आनंदीबाईची प्रखर महत्त्वाकांक्षा, रघुनाथरावाचे हेलकावे आणि रामशास्त्र्यांची निःस्पृहता या तीन शक्तींच्या संघर्षातून खाडिलकरांनी जे नाट्य उभे केले ते आजही वाचताना थरारून सोडते. ‘मॅकबेथ’ची छाया त्यावर आहे, हे पुष्कळांनी सांगितले आहे. परंतु त्या छायेची किंमत काय पडली, याचा विचार फारसा झालेला नाही. मॅकबेथचे कथानक स्वीकारले म्हणजे मारलेला राजा निर्विवाद राजा, मारणारा निर्विवाद अपहारक, आणि त्याच्याविरुद्ध उठणारे निर्विवाद न्यायाचे पाईक, असा साचा आपोआप येतो. मग छत्रपतींच्या वस्त्रांचा आणि कासेगावच्या तारखेचा पेच नाटकात मावत नाही. बारभाईंना आपला अधिकार सिद्ध करावा लागत नाही. तो त्यांना कथानकाकडूनच मिळतो. परंपरेने सांगितलेले रामशास्त्र्यांचे उत्तर, या पापाला देहान्तावाचून प्रायश्चित्त नाही, हे नैतिक दृष्ट्या निरुत्तर करणारे आहे. पण ते खुनाविषयीचे उत्तर आहे. राज्य कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही, आणि शास्त्रीबुवांनी ते दिल्याचा दावाही कोणी करीत नाही. पुणे सोडून जाणाऱ्या न्यायाधीशाची ती मूर्ती इतकी तेजस्वी आहे, की तिच्या प्रकाशात दुसरा प्रश्न दिसेनासा होतो.

रणजित देसाईंच्या ‘स्वामी’त (१९६२) रघुनाथराव येतो तो थोरल्या माधवरावाच्या तेजाला काट द्यावयास. घरातील वडील मनुष्य पुतण्याच्या कर्तृत्वाआड येतो, ही त्या कादंबरीतील व्यथा खरी आहे आणि वाचकाच्या हृदयाला ती भिडते. परंतु तेथेही अवज्ञेला राजकीय कारण नाही. तेथे मत्सर आहे, हट्ट आहे, दुबळेपणा आहे. अटकेपर्यंत फौज नेणारा सेनापती इतका दुबळा कसा, हे कोडे मराठी ललित वाङ्मयाने आपल्याला उलगडून दिलेले नाही. दुबळेपणा गृहीत धरून आपण न्याय करण्याचे कष्ट वाचविले.

५

मग रघुनाथरावाची अवज्ञा समर्थनीय होती काय? माझ्या मते १७७४ च्या एप्रिलपर्यंत, खुनाचा आरोप क्षणभर बाजूस ठेवला तर, त्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ होते. कासेगावच्या विजयानंतर तो राजधानीवर चालून गेला नाही. बऱ्हाणपूरकडे वळला आणि नर्मदा ओलांडून माळव्यात गेला. शिंदे-होळकरांचे साहाय्य मिळेल ही आशा त्याला होती. सीझर नदी ओलांडून राजधानीकडे गेला. रघुनाथराव नदी ओलांडून राजधानीपासून दूर गेला. येथपर्यंत त्याची अवज्ञा ही दौलतीतल्या दौलतीतच होती.

६ मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहाने हे चित्र पालटले. मुंबईकर इंग्रजांनी २५०० फौज द्यावी आणि रघुनाथरावाने त्यांना साष्टी आणि वसई द्यावी, असे त्यात ठरले. साष्टीतील ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी त्यापूर्वीच, डिसेंबर १७७४ मध्ये, बळकावला होता. आणि वसई? १७३९ साली ती पोर्तुगिजांकडून जिंकली चिमाजी अप्पांनी, म्हणजे रघुनाथरावाच्या सख्ख्या चुलत्याने.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो घ्यावयासच हवा. परक्यांची मदत घेतल्याबद्दल रघुनाथरावाला दोष देणे हे पुढचा इतिहास मागे लावणे नव्हे काय? १७५६ साली त्याचाच भाऊ नानासाहेब पेशवा याच्या राजवटीत मराठ्यांनी इंग्रजांना बरोबर घेऊन तुळाजी आंग्र्यावर मोहीम केली आणि विजयदुर्गाच्या बंदरात मराठी आरमार जळाले. कायदेशीर सरकारने जे केले तेच रघुनाथरावाने केले, तर एक राजकारण आणि दुसरा द्रोह कसा? हा आक्षेप बिनतोड आहे, आणि ज्यांनी केवळ ‘इंग्रजांकडे गेला’ या दोन शब्दांत रघुनाथरावाचा निकाल लावला त्यांच्याजवळ याला उत्तर नाही.

माझे उत्तर निराळे आहे. दोष मदत मागण्यात नाही, दोष मोलात आहे. ज्या मिळकतीवरील आपला हक्क वादात आहे ती मिळकत विकून त्या वादाचा खर्च भागविण्याचा अधिकार कोणत्याही पक्षकाराला नसतो. नानासाहेबाची चूक भयंकर होती, पण दौलतीच्या निर्विवाद धन्याची ती चूक होती. रघुनाथराव जे देत होता ते त्याचे आहे की नाही, हाच तर खटला होता. सीझरने रोमन सैन्यावर रोमन सैन्य घातले, रक्ताचे पाट वाहविले. परंतु सैन्याच्या मोबदल्यात रोमचा प्रांत त्याने कोणाला लिहून दिला नाही. तहाच्या कागदावर रघुनाथरावाने केलेली सही हीच त्याची रूबिकन. तेथे कोणी अक्षर बदलले नव्हते, आणि कोणा स्त्रीचा हातही त्या कागदावर नव्हता.

याच प्रकरणात अवज्ञेचे तिसरे उदाहरणही दडलेले आहे. १७७३ च्या कायद्याने मुंबईकर इंग्रज कलकत्त्याच्या अंकित झाले होते. सुरतेचा तह त्यांनी कलकत्त्याला न विचारता केला. कलकत्त्याने तो अमान्य करून १७७६ मध्ये पुरंदरचा तह केला. तरीही युद्ध सरले नाही. १७७९ च्या जानेवारीत वडगावास मुंबईच्या फौजेला शरण यावे लागले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने शेवट झाला. साष्टी इंग्रजांकडेच राहिली. रघुनाथरावाला दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक मिळाली आणि १७८३ साली कोपरगावास तो मरण पावला. त्याचा मुलगा दुसरा बाजीराव पेशवा झाला तेव्हा त्याने १८०२ साली वसईसच इंग्रजांशी तह केला. पुढची हकीकत १८१८ मध्ये संपते.

६

सीझरच्या प्रकरणात अशीच एक कसोटी शेक्सपिअरने, बहुधा जाणूनबुजून, नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात ठेवली आहे. नाटकात रूबिकन नाही. पडदा उघडतो तेव्हा दोन ट्रिब्यून, फ्लेव्हिअस आणि मरुलस, सीझरच्या पुतळ्यांवरील अलंकार उतरविण्यास निघालेले दिसतात, आणि थोड्याच वेळाने त्यांची तोंडे बंद करण्यात आल्याची बातमी कानावर येते. इतिहासातही इ. स. पूर्व ४४ मध्ये सीझरने या दोन ट्रिब्यूनांना पदच्युत केले. ट्रिब्यूनांचा अधिकार तुडविला गेला म्हणून ज्याने पाच वर्षांपूर्वी शस्त्र उचलले, त्यानेच सत्ता हाती येताच ट्रिब्यूनांना दूर केले. सिनेटवरील त्याचा आरोप खरा होता. पण ज्या तत्त्वाच्या नावाने तो केला ते तत्त्व त्याचे नव्हते.

यावरून जी कसोटी निघते ती साधी आहे. बंडखोराची तक्रार खरी आहे काय, एवढे विचारून भागत नाही; तक्रार बहुधा खरीच असते. त्याने ज्या गोष्टीचे नाव घेऊन बंड केले ती गोष्ट त्याच्या हातात सुरक्षित राहिली काय, हे विचारावे. सीझरने ट्रिब्यूनांचे नाव घेतले आणि ट्रिब्यूनच काढले. रघुनाथरावाने दौलतीचे नाव घेतले आणि दौलतच तोडून दिली. दोघेही आपापल्या कसोटीवर उतरत नाहीत. फरक एवढाच, की सीझरने आपली कैफियत स्वतः, उत्तम गद्यात, लिहून ठेवली. रघुनाथरावाची कैफियत त्याच्या विरोधकांच्या वंशजांनी लिहिली.

तिसराही एक प्रकार संभवतो, आणि जबलपुरात राहणाऱ्या लेखकाला तो विसरता येत नाही. गढा-मंडल्याच्या गोंड राजवंशातील शंकरशाह आणि त्याचा मुलगा रघुनाथशाह यांना १८ सप्टेंबर १८५७ रोजी याच शहरात तोफेच्या तोंडी देण्यात आले. त्यांच्याजवळ फौज नव्हती. त्यांच्याविरुद्ध जो पुरावा पुढे आला त्यात शत्रूंचा संहार कर, अशा अर्थाची देवीची एक पद्यमय प्रार्थना होती. तिचे इंग्रजी भाषांतर सरकारी दप्तरात गेले. त्याच रात्री येथील ५२ वी देशी पलटण उठून निघून गेली.

सीझरचे लेखन त्याचा बचाव झाले, रघुनाथरावाचा न्याय इतरांच्या लेखनाने झाला, शंकरशाहाचे लेखन हाच त्याचा गुन्हा ठरला. आणि कंपनी सरकारची सत्ता या मुलखात आली कशी? १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे राज्य घेतले, पुढे ते नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि १८१७ च्या डिसेंबरात जबलपूर इंग्रजांच्या ताब्यात आले. म्हणजे शंकरशाहाला देहान्त शासन देणारे सरकार जितके कायदेशीर म्हणावे तितकेच, दोन पिढ्या आधी त्याच्या पूर्वजांचे राज्य घेणारे आपले मराठी सरकारही कायदेशीर म्हणावे लागते. मराठी समीक्षकाने रघुनाथरावाचा न्याय करताना ही गोष्ट लक्षात ठेवावी. दौलत कोणाची, या प्रश्नावर पुण्यात जो वाद झाला त्यात नर्मदेच्या काठच्या गोंडांना कोणी विचारले नव्हते.

ज्या कसोटीने मी वरील दोघांना तपासले ती शंकरशाहाला लावता येत नाही. कारण ज्याचे नाव घेतले ते राखण्याची किंवा मोडण्याची संधीच त्याला मिळाली नाही. ती कसोटी लागते ती त्याला शिक्षा करणाऱ्यांना. त्यांनी कायद्याचे नाव घेतले होते.

तात्पर्य, अवज्ञेच्या समर्थनाचा प्रश्न आपल्या वाङ्मयाने आजवर स्वभावचित्रणाचा प्रश्न मानला : कोण थोर, कोण दुबळा, कोण मत्सरी. स्वभावचित्रणात मराठी नाटककार आणि कादंबरीकार कोणाला हार जाणार नाहीत. पण रघुनाथरावावर अजून एक नाटक लिहावयाचे राहिले आहे, असे मला वाटते. त्यात शनिवारवाडा नसला तरी चालेल, आनंदीबाई नसली तर उत्तमच. कासेगावचा विजय ते सुरतेची सही या एका वर्षाची ती कथा असेल, आणि तीतील नायकाला आपण काय देत आहोत हे पक्के माहीत असेल. असे नाटक लिहिले गेले, तर रघुनाथरावाला माफी मिळणार नाही. त्याचा न्याय मात्र प्रथमच होईल.